लग्नाच्या कॅसेटमधला चेहरा मोठा करायचा: फ्रेम रचून की एआयने?

कॅसेटकाका: व्हीएचएस कॅसेट डिजिटल झाली की लोक त्यातून गेलेल्या माणसाची एक फ्रेम उचलतात, ॲपमध्ये टाकतात आणि गुळगुळीत चेहरा भिंतीवर लावतात. माझ्या मते तो चेहरा त्या माणसाचा नसतो. जीएफपीगॅन हे चेहरे दुरुस्त करणारं एआय ७०,००० परक्या चेहऱ्यांवर शिकलं आहे. पापण्या, दात तिथूनच येतात. २०२० मध्ये पल्स नावाच्या एआय मॉडेलने ओबामांच्या धूसर फोटोतून गोरा माणूस काढला होता.

त्यापेक्षा फ्रेम रचा, म्हणजे एकाच दृश्याच्या अनेक फ्रेम एकावर एक ठेवून त्यांतून एक फोटो काढा. पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) व्हिडिओ ७२० × ५७६ चा, सेकंदाला ५० फिल्ड. फिल्ड म्हणजे एकाआड एक रेषांची अर्धी फ्रेम. थेट स्क्रीनशॉट घेतला तर हलत्या भागावर कंगव्याचे दात दिसतात, म्हणून आधी क्यूटीजीएमसी किंवा बीडब्ल्यूडिफ या फिल्टरने प्रत्येक फिल्डची पूर्ण फ्रेम, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम करून घ्या. चेहरा स्थिर असलेल्या सलग ८-१० फ्रेम पीएनजीत काढा (जेपेगमध्ये नको), आकार दुप्पट करा, ह्यूगिन या फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अलाइन टूलने जुळवा, इमेजमॅजिक या सॉफ्टवेअरमध्ये मीडियन (प्रत्येक पिक्सेलची मधली किंमत) घ्या. मग ४:३ प्रमाण दुरुस्त करा, नाहीतर चेहरा लांबुडका दिसतो. शार्पनिंग सगळ्यात शेवटी.

पिक्सेलपंत: कृती बरोबर, पण त्याने रिझोल्यूशन वाढतं हे मान्य नाही. अनेक फ्रेममधून तपशील तेव्हाच निघतो जेव्हा लेन्सने तो दिलेला असतो आणि पिक्सेल जाड असल्याने तो दुमडला जातो, म्हणजे चुकीच्या नक्षीत मिसळतो. हबल दुर्बिणीच्या फोटोंवर ड्रिझल ही फ्रेम एकत्र करायची पद्धत चालली ती म्हणूनच. व्हीएचएसचा ल्युमा (उजेड-अंधाराचा सिग्नल) साधारण ३ मेगाहर्ट्झचा, म्हणजे आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषा. बारकावा रेकॉर्डिंगलाच कापला गेला. शंभर फ्रेम रचल्या तरी परत येणार नाही. उभ्या दिशेने थोडं मिळेल, बस.

शिवाय मंडपाच्या खांबावर फ्रेम जुळवल्या आणि नवरीने मान हलवली, तर खांब स्वच्छ नि चेहरा पुसट.

४ × ६ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) १८०० × १२०० लागतात. ४:३ केल्यावर तुमच्याकडे ७६८ × ५७६, म्हणजे एकूण पिक्सेलचा पाचवा हिस्सा. बाकीचे पिक्सेल कुणीतरी मनाने रचणारच. फोटो मोठा करणारं एआय रिअल-ईएसआरगॅन २ पट, चेहरा-दुरुस्ती बंद, आणि मूळ फोटोवर ५० टक्के अपारदर्शकतेने बसवा. प्रामाणिक आणि बघण्यासारखं.

कॅसेटकाका: लँक्झोस हे फोटो मोठा करायचं साधं गणिती सूत्रही पिक्सेल रचतं, पण पापण्या रचत नाही. फरक तिथेच आहे. आणि फ्रेम रचल्याने नॉइज (चित्रातली खरखर) कमी होणं तुम्ही फार हलक्यात घेताय. यादृच्छिक नॉइज ९ फ्रेमच्या सरासरीने एक तृतीयांशावर येतो, मीडियनने घट थोडी कमी, आणि व्हीएचएसच्या रंगात तर ल्युमापेक्षा कितीतरी जास्त खरखर असते. लालसर ठिपके गेले की नाक-ओठांची कड डोळ्याला आपोआप दिसते. खांबाची अडचण खरी, त्यासाठी फक्त चेहऱ्याचा चौकोन कापून तेवढाच जुळवा. डोळे मिटलेल्या फ्रेम आधीच काढून टाका.

आणि ४ × ६ चा हट्ट का? ४ × ३ इंचात १९२ डीपीआय मिळतो. हातात धरून बघायला छान.

फिल्डफोडी: दोघेही भांडताय ते फाइल आल्यानंतरचं. खरा घोळ त्याआधीच होतो. दुकानदार स्वस्त यूएसबी कॅप्चरमधून थेट एमपी४ देतो, त्यात बऱ्याचदा एक फिल्ड टाकून दिलेली असते: उरल्या २८८ रेषा, वर कॉम्प्रेशनचे चौकोन. हे चौकोन यादृच्छिक नॉइज नाहीत. स्थिर पार्श्वभूमीवर तर ते फ्रेममागून फ्रेम तसेच उतरतात, मग मीडियनही त्यांना जपतो आणि एआय त्यांना सुरकुत्या समजतं.

फाइल मागताना सांगा: इंटरलेस्ड ठेवा (दोन्ही फिल्ड जशाच्या तशा), हफवाययूव्ही (काहीही न गमावणारा फॉरमॅट) किंवा निदान डीव्ही (कमी कॉम्प्रेशनचा फॉरमॅट) द्या. डीव्हीला तासाला सुमारे १३ जीबी लागतात, पेनड्राइव्ह त्या हिशोबाने न्या. कोकणातल्या दमट कपाटातून काढलेली कॅसेट असेल तर आधी खिडकीतून टेप बघा. पांढरी बुरशी दिसली तर प्लेयरमध्ये घालू नका, हेड खराब होतो आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते.

पिक्सेलपंत: हे पटलं. एमपी४ असेल तर निदान आय-फ्रेम (शेजारच्या फ्रेमवर न विसंबता पूर्ण साठवलेली फ्रेम) शोधून घ्या, ती बहुधा शेजारच्या फ्रेमपेक्षा स्वच्छ असते. पण सीसीटीव्हीतला चोर ओळखायला मात्र माझी पद्धतही वापरू नका. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात न्यायाधीशाने एआयने सुधारलेला व्हिडिओ पुरावा म्हणून नाकारला.

कॅसेटकाका: मग कॅसेटमधल्या आजोबांना वेगळा नियम का?