अर्गजा: नुसता कापूर नाकात जातो आणि चौथ्या दिवशी बुरशी

गंगाकाठ
नाशिकमध्ये आमचा दोघांचा छोटा उद्योग आहे. जुन्या कृतींप्रमाणे उटणी, धूप, अत्तरं करायची असं ठरवलंय आणि पहिला अर्गजा, म्हणजे चंदनाचा सुगंधी लेप, घेतला. कृती अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरी या ग्रंथातली: पाऊण शेर चंदन, अक्सीर व मीद २ तोळे, चुवा (अगराच्या लाकडाचं तेल) ३ मासे, बनफ्शाचं (व्हायोलेटचं) मूळ व गहुला १ तोळा, कापूर अर्धा आणि गुलाबजल ११ बाटल्या. एक दशांश माप धरलं: चंदन पूड ७० ग्रॅम, चुवा ०.३, मूळ व गहुला मिळून १.२, कापूर ०.६, गुलाबजल लगदा होईल इतकं. अक्सीर-मीद मिळालं नाही, ते वगळलं. लोखंडी खलबत्त्यात कुटलं.
तक्रारी चार: कापराशिवाय वासच नाही. लेप वाळला की पापुद्रे सुटतात. रंग काळपट येतो. आणि भर आषाढात चौथ्या दिवशी बरणीत पांढरी बुरशी. कुठे चुकतंय?

मासा_तोळा
चूक मापात आहे, दोन ठिकाणी.

कापूर अर्धा *मासा* आहे, तुम्ही अर्धा *तोळा* धरलात. १२ मासे म्हणजे १ तोळा, म्हणजे थेट बारा पट कापूर पडला. मग दुसरं काय हुंगायला मिळणार?

दुसरी चूक शेराची. तुम्ही ब्रिटिश काळातला ८० तोळ्यांचा, ९३३ ग्रॅमचा शेर घेतला. अकबरी शेर ३० दामांचा, आणि दाम (तेव्हाचं तांब्याचं नाणं) साधारण २१ ग्रॅमचा. म्हणजे शेर सुमारे ६३० ग्रॅम, पाऊण शेर ४७० च्या आसपास. दशांशाला चंदन ४७ ग्रॅम पुरे, कापूर ०.०५ ग्रॅम.

आता ०.०५ ग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून आधी मुरवण करा. १ ग्रॅम कापूर चिनी मातीच्या खलात स्पिरिटचे दोन-तीन थेंब टाकून घोटा (कोरडा कापूर चिकटतो, दळला जात नाही), त्यात थोडी थोडी करत १९ ग्रॅम चंदन पूड मिसळा. या मिश्रणातलं १ ग्रॅम घेतलं की ०.०५ ग्रॅम कापूर आला. कापूर उडून जातो, तेव्हा हे मिश्रण घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत आणि लेपात सगळ्यात शेवटी.

सहाण
काळपटपणा लोखंडाचा. गहुला, मुळं यांच्यातला तुरट अंश लोखंडाला लागला की शाईसारखा रंग धरतो. दगडी पाटा किंवा चिनी मातीचा खल वापरा.

पापुद्र्यांना कारण पूड. बाजारातली "चंदन पूड" पुष्कळदा तेल काढून उरलेला भुसा असतो, नाहीतर सालीजवळचा पांढरा भाग. तेल असतं ते आतल्या गाभ्यात. चिमूटभर कोमट पाण्यात कालवून तासाभराने हुंगा. नुसता लाकडाचा वास आला तर परत करा. शक्य असेल तर गाभ्याचं खोड आणून गुलाबजलात सहाणेवर उगाळा. उगाळलेला कण इतका बारीक असतो की बोटावर रेती लागत नाही, आणि असा लेप पातळ लावला तर तडकत नाही. पूडच वापरायची तर कापडातून दोनदा गाळा आणि गुलाबजलात रात्रभर भिजत ठेवा. मूळ कृतीत ११ बाटल्या गुलाबजल आहे ते उगाच नाही. अर्गजा उन्हाळ्यात अंगाला गारवा यावा म्हणून लावायचा पातळ लेप आहे, उटण्याचा गोळा नव्हे.

गहुला म्हणजे आपल्या उटण्यातला गव्हला-कचोऱ्यातला गव्हला. काष्ठौषधीच्या दुकानात तो नवा मागा, हातावर चोळून कडवट-गोड वास आला पाहिजे. भुंग्यांनी पोखरलेला नको.

गंगाकाठ
गुलाबजल इथलंच करावं का? जानोरी-मोहाडीला एवढे गुलाब आहेत, आणि नाशिक म्हणजे जुनं गुलशनाबाद!

सहाण
ते पॉलिहाऊसचे डच गुलाब. लांब दांडा, टिकाऊ पाकळी, वास जवळपास नाही. भट्टी लावून साधं पाणीच हाती येईल. अर्काला देशी गुलाब लागतो, पुष्कर किंवा हसायनचा. पहाटे तोडलेल्या किलोभर पाकळ्यांमागे किलोभर अर्क घ्या. त्यापुढचं पाणी पातळ आणि शिळं लागतं. गुलाबाचा एसेन्स टाकलेलं स्वस्त पाणी तर इथे मुळीच नको.

काष्ठौषधी
बुरशीचं सोपं आहे: ओला लेप विकूच नका. लाकडाची पूड आणि गुलाबजल यांचा लगदा पावसाळ्यात टिकणार नाही. फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक १ टक्क्यापर्यंत चालतं, पण पूड ते शोषून घेते, भरवसा नाही. कोरडं चूर्ण ४०-४५ अंशांवर पाच-सहा तास वाळवून काचेत भरा, गुलाबजलाची वेगळी छोटी बाटली द्या, आणि "तळहातावर कालवून लगेच वापरा" असं लिहा. उरलेलं फेकायचं.

मीद ही जवादीच्या (जवादी मांजराच्या सुगंधी स्रावाच्या) जातीची प्राणिज वस्तू. तिच्या वा कस्तुरीच्या मागे लागू नका, वन्यजीव कायदा १९७२ आडवा येतो. लताकस्तुरीचं बी (कस्तुरी भेंडी) भरडून स्पिरिटमध्ये १:५ प्रमाणात तीन आठवडे ठेवा, रोज हलवा, गाळा. ४७ ग्रॅम चंदनाला त्याचे १०-१२ थेंब पुरतात. बी फार बारीक दळू नका, आतलं तेल येऊन अर्क खवट होतो. वास सालीत आहे.

मासा_तोळा
चुव्याबद्दल मात्र जपून. खरा चुवा म्हणजे कपडमातीने लिंपलेल्या, उलट्या धरलेल्या भांड्यात अगराचे तुकडे घालून शेणीच्या मंद आचेवर खाली गाळलेलं तेल. त्यात जळकट डांबरी अंश येतो. वासाला तो शोभतो, धुपात तर हवाच; त्वचेवर नको. लेपासाठी वाफेवर काढलेलं अगर तेल घ्या.

काष्ठौषधी
जळकटपणाशिवाय अर्गजा कसला, असं म्हणणारे येतील. त्यांना धूप विका. अगर घेताना बिल आणि लागवडीचा दाखला मागा, ते साइट्सच्या (दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे. आणि लेप अंगाला लावायचा म्हणजे सौंदर्यप्रसाधन झालं, तेव्हा विक्रीआधी अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना काढा. लेबलावर बॅच क्रमांक आणि वापराची मुदत हवीच.

गंगाकाठ
कापूर बारा पट! आता कळलं. ४७ ग्रॅमचा घाणा आजच उगाळायला घेतो.

सहाण
उगाळल्यावर चंदन कोरडं करूनच काट्यावर धरा. ओलं वजन धरलंत तर पुन्हा प्रमाण चुकेल.