जिमी स्टुअर्ट खरा योद्धा की नुसती हवा?

पक्का_मुळशीकर: पडद्यावर युनिफॉर्म घातला की आपल्याकडे लगेच देशभक्त, पण हॉलिवूडचा नट जिमी स्टुअर्ट दुसऱ्या महायुद्धात खराखुरा लढलाय राव. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑस्कर आणि मार्चमध्ये साधा शिपाई म्हणून भरती, तेही आधी एकदा वजन कमी भरलं म्हणून परत पाठवलेलं असताना. मग इंग्लंडमधल्या टिबनहॅमहून बी-२४ लिबरेटर बॉम्बर विमान घेऊन थेट जर्मनीवर. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला नट रेगन तेव्हा कॅलिफोर्नियात लष्करासाठी फिल्मा बनवत होता, दुसरा स्टार जॉन वेन तर भरतीच झाला नाही.

धुरळा: मोहिमा किती, २०. साध्या क्रूला आधी २५, नंतर ३० पुऱ्या केल्याशिवाय सुट्टी नव्हती, एका विमानात दहा पोरं, त्यांची नावं सांग बघू दोन तरी. आणि हा १९४३ च्या नोव्हेंबरपर्यंत अमेरिकेतच शिकवत बसलेला.

पक्का_मुळशीकर: बसला नव्हता, बसवून ठेवलेला!! एवढा मोठा स्टार मेला तर बोंब होईल म्हणून, त्यानेच खटपट करून लढाईवर पोस्टिंग मिळवलं. आणि तो स्क्वाड्रन कमांडर, म्हणजे विमानांच्या तुकडीचा प्रमुख होता, कमांडर रोज उडत नसतो भाऊ. २४ फेब्रुवारी १९४४ ला त्याच्या बॉम्बर ग्रुपची जर्मनीतल्या गोथा शहरावर २५ विमानं गेली त्यातली १३ परत आलीच नाहीत, आणि दुसऱ्याच दिवशी हा फ्युर्टच्या हल्ल्यावर हजर. तिथे विमानविरोधी तोफेचा गोळा पायाजवळून आरपार गेला, भगदाडातून खाली जर्मनी दिसतेय, उणे तापमानाचा वारा आत घुसतोय, तसंच विमान इंग्लंडपर्यंत आलं आणि उतरताना तडकलं. याला हवा म्हणायचं?

खवचट_काकू: धाडस कोण नाकारतंय. पण याने बॉम्ब टाकले त्या ब्रन्सविक, बर्लिन इथे खाली फक्त कारखाने होते का? बायामाणसं होती की. आणि १९६६ मध्ये व्हिएतनामवर बी-५२ बॉम्बरमध्ये निरीक्षक म्हणून बसून गेलाच ना तो, तेव्हा कुठला हिटलर होता?

पक्का_मुळशीकर: काकू, तेव्हा तो हवाई दलाच्या रिझर्व्हचा (राखीव दलाचा) ब्रिगेडियर जनरल होता. आणि त्याच व्हिएतनाममध्ये १९६९ ला त्याचा सावत्र मुलगा मारला गेला. स्वतःच्या लढाईचं तर त्याने कधी भांडवल केलं नाही, फारसं बोलायचाच नाही.

खवचट_काकू: मुलाचं वाईट वाटतं, खरंच. पण न बोलण्याला तुम्ही विनय म्हणता, मला वाटतं खाली काय जळत होतं ते त्यालाही सांगवत नसणार.

धुरळा: काकूंना +१. आणि ती दोन नावं राहिलीच मुळशीकर.