नुसतं मारवेल लावून भागत नाही

‘मातीला काय, झाकली म्हणजे झालं, नुसतं मारवेल लावा’ असं म्हणतात. मारवेल म्हणजे चाऱ्याचं एक गवत. हे म्हणणं धूप थांबवण्यापुरतं मान्य. कस वाढवायचा तर तेवढ्यानं भागत नाही. अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीकला १९९४ पासून एका प्रजातीपासून सोळा प्रजातींपर्यंतचे वाफे राखलेत. मिश्र वाफ्यांच्या मातीत कर्ब आणि नत्र कितीतरी जास्त साठलं, आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो उष्ण हवामानातली गवतं आणि शेंगवर्गीय झाडं शेजारी शेजारी असलेल्या वाफ्यांत. शेंगवर्गीयांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र बांधतात, त्यावर गवताची मुळं फोफावतात आणि तीच पुढं कुजून मातीत कर्ब होतात.

बालाघाटातल्या आमच्या मुरमाड गायरानावर आम्हीही आधी एकटं मारवेलच लावलं होतं. दोन वर्षं हिरवंगार, तिसऱ्या वर्षी पावसानं ओढ दिली आणि जागोजाग टक्कल पडलं. मग निम्म्या भागात पवन्या, डोंगरी ही गवतं आणि स्टायलो हा शेंगवर्गीय चारा मिसळून पेरलं. टोकदार कुसळांचं कुसळी गवत पेरावं लागत नाही, त्याचं बी मेंढ्यांच्या लोकरीत अडकून आपोआप येतं (मेंढपाळ शिव्या घालतात ते वेगळं). यंदा दोन्हीकडं कुदळीनं खड्डे घेतले. मिश्र भागात वीतभर खालीसुद्धा बारीक मुळांचं जाळं, ढेकूळ हातात सहज फुटतं. मारवेलच्या भागात वरचा थर बरा, खाली तोच दगडासारखा मुरूम. एक मात्र सांगतो, स्टायलोचं बी टणक असतं, गरम पाण्यात भिजवल्याशिवाय टाकू नका. आमचं पहिलं बी असंच वाया गेलं.