मदत हवी आहे: सहा वर्षांच्या मुलीसाठी जिम्नॅस्टिक्सचा वर्ग आणि प्रशिक्षक कसे निवडावेत?

नमस्कार,

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. गादी दिसली की कोलांटी आणि भिंत दिसली की हातांवर उभे राहणे, हे वर्षभर चालू असल्याने तिला जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात घालायचे आम्ही ठरवले आहे. दोन ठिकाणे पाहिली, पण मन एकीकडे होत नाही.

पहिल्या ठिकाणी साधनांची चंगळ आहे. उडीनंतर पडण्यासाठी फोमने भरलेला खड्डा आहे, स्पर्धेच्या मापाचा बीम (तोल सांभाळून कसरती करायची अरुंद, उंच पट्टी) आहे, आणि तिथल्या मुली पदकेही मिळवतात. मात्र मी पाहत असताना सात-आठ वर्षांची एक मुलगी स्प्लिटमध्ये, म्हणजे दोन्ही पाय विरुद्ध दिशांना सरळ पसरून, बसली होती आणि प्रशिक्षक तिच्या खांद्यांवर भार देऊन तिला खाली दाबत होते. ती रडत होती आणि तिला केवळ आकडे मोजायला सांगितले जात होते. ताण देताना थोडे ओढल्यासारखे वाटणारच, हे मला मान्य आहे. पण रडणाऱ्या मुलाच्या अंगावर भार टाकून लवचिकता आणणे मला पटत नाही. शिवाय प्रवेशानंतर पालकांना सराव पाहता येत नाही.

दुसरे ठिकाण लहान आहे. फोमचा खड्डा नाही आणि बीम जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच आहे. तिथल्या ताई मात्र आधी पडायला शिकवतात: हात मागे टेकवायचे नाहीत, हनुवटी छातीशी घ्यायची आणि पाठ गोल करून लोळायचे. एक मुलगी कमान टाकताना ताईंचा एक हात तिच्या पाठीखाली होता, आणि तो लावण्याआधी त्यांनी तिला विचारले होते. मनगट दुखते म्हणणाऱ्या एका मुलीला त्यांनी लगेच हातांवरच्या कसरतींतून बाजूला घेऊन पोटाचे व्यायाम दिले. वाढत्या वयात मनगटाजवळ हाडाची वाढ होणारा भाग नाजूक असतो आणि सततच्या भाराने तो दुखावतो, म्हणून मला ही गोष्ट फार मोलाची वाटली.

घरच्यांचे म्हणणे असे की, या लहान ठिकाणी वर्षे घालवली तर पुढे उशीर होईल. 1976 च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके जिंकणारी रोमानियाची जिम्नॅस्ट नादिया कोमानेची 14 वर्षांची होती, हे उदाहरण नेहमी दिले जाते. पण 1997 पासून महिलांच्या वरिष्ठ गटासाठी त्या वर्षात 16 पूर्ण होणे आवश्यक आहे. शिवाय 10 सेंटिमीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच बीमवर सहाव्या वर्षीच चढण्याची निकड मला दिसत नाही.

अनुभवी पालकांना आणि प्रशिक्षकांना विचारायचे आहे की, या वयात आठवड्याला किती तास सराव पुरेसा असतो? प्रशिक्षकांचे प्रशिक्षण आणि प्रथमोपचाराची तयारी नेमकी कशी तपासावी? आणि साध्या जागेत पाया पक्का करून दोन-तीन वर्षांनी मोठ्या ठिकाणी गेलेल्या मुलांना तिथे जुळवून घेणे कितपत जड गेले?