विषय: आशियाई आरोग्याचं ऑनलाइन ट्रेनिंग – मंडळाचं पत्र हवंय, शुक्रवारच्या आत

नंदा:
नमस्कार मंडळी,
धाकटी या उन्हाळ्यात त्या आशियाई वंशाच्या लोकांच्या आरोग्यावरच्या ऑनलाइन रिसर्च ट्रेनिंगला अर्ज करतेय. शाळेतल्या बाईंचं पत्र गेलं. दुसरं पत्र शाळेबाहेर तिचं काम बघितलेल्या कुणाचं तरी लागतं आणि नातेवाईक चालत नाही. म्हणजे अध्यक्ष बाद, कारण तो माझा दादा. त्याचं आडनाव वेगळं असलं तरी फॉर्मवर नातं स्पष्ट विचारलंय. गणपतीत पार्किंगला आणि आरोग्य शिबिरात टेबलावर ती होती हे सगळ्यांनी बघितलंय. पोर्टल शुक्रवारी रात्री बंद होतं. लेटरहेड सध्या कुणाकडे आहे?

चिटणीस:
लेटरहेड माझ्याकडे आहे. पण दिवाळीनंतर जे झालं (उगाळत नाही), तेव्हापासून मंडळाच्या नावाने जाणारं काहीही कार्यकारिणीने बघितल्याशिवाय द्यायचं नाही असं ठरलंय. बैठक रविवारी आहे.

मंदार (युवा समिती):
ठराव प्रमाणपत्रांबद्दल होता, पत्रांबद्दल नाही. इतिवृत्त काढून बघा. मुलांच्या तासांची नोंद युवा समिती ठेवते, तेव्हा पत्रही युवा समितीच देईल. आणि लेटरहेडचं एवढं काय आहे? पोर्टल पत्र देणाऱ्याच्या ईमेलवर लिंक पाठवतं, त्यानेच ते चढवायचं, मुलांच्या हातात येतही नाही. मंडळाच्या ईमेलवर लिंक मागवू, म्हणजे अधिकृत दिसेल.

चिटणीस:
मंडळाच्या ईमेलचा पासवर्ड कुणाकडे आहे तेही सांगून टाक.

मंदार:
जुन्या वेबमास्टरांकडे. ते डॅलसला गेले तेव्हा पासवर्ड बदलून घ्यायचं काम चिटणिसांचं होतं.

बापूकाका:
पासवर्डचं तुम्ही बघा. मला एक कळत नाही, अकरावीतल्या पोरी घरी बसून कसलं संशोधन करणार? कॉलेजच्या अर्जात एक ओळ वाढते, एवढंच. आमच्या वेळी प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यापासून सुरुवात असायची.
बाकी विषय मात्र महत्त्वाचा, हे मी स्वतःवरून सांगतो. वजन कधी वाढलं नाही, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २४ च्या वर गेला नाही, इथला डॉक्टर दरवर्षी पाठ थोपटायचा. पाय बधिर व्हायला लागले तेव्हा शुगर तपासली.

डॉक्टरवहिनी:
बापूकाका, तुमची तपासणी आधीच व्हायला हवी होती. २०१५ पासून अमेरिकन डायबिटीज असोसिएशन सांगतेय की आशियाई वंशाच्या माणसाची शुगर बीएमआय २३ पासून तपासायला घ्या, इतरांची २५ पासून. कितीतरी दवाखान्यांत अजून २५ च डोक्यात असतं.
आणि सडपातळ दिसणाऱ्या आपल्या लोकांतही चरबी जास्त कशी, यावरचं महत्त्वाचं काम आपल्या पुण्यात झालं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडात साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. वजन एवढं कमी, पण पाठीवर चिमटीत धरून मोजलेली चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. कमी होतं ते स्नायूंचं मांस. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यूडकिन यांचा शेजारी उभा फोटो आला होता. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र यूडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला दोघेही सडपातळ. चरबी जास्त, म्हणून त्याच बीएमआयला आपल्याला शुगरचा धोका जास्त.
घरी बसून काय करणार, तर अशा कार्यक्रमांत मुलं बहुतेक सरकारी, सर्वांना खुल्या असलेल्या माहितीवर काम करतात. अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य-पोषण पाहणीत २०११ पासून आशियाई लोकांचा वेगळा गट आहे. पण खुल्या फायलीत भारतीय, चिनी, फिलिपिनो सगळे एकाच खान्यात. त्या आकड्यांवरून तुमच्या शुगरबद्दल बोलायचं तर अडतंच. ते कुठे अडतं हे मुलांनी स्वतः आकडे हाताळून शिकलं तर त्यात वाईट काय?

शिरीष (सनीव्हेल):
वहिनी, मसाला स्टडी पण सांगा ना. आमच्या सासऱ्यांना त्यात घेतलं होतं. नाव ऐकून त्यांना वाटलं गोडा मसाला का कांदा-लसूण.

डॉक्टरवहिनी:
हो, तोच. २०१० मध्ये सुरू झाला, बे एरिया आणि शिकागो, पहिल्या फेरीत ९०६ माणसं, सगळी दक्षिण आशियाई. हृदयविकारावर आहे, जेवणावर नाही. :)

सुलभा:
नंदाताई, तुम्ही जूनमध्ये साताऱ्याला जाणार होतात ना? इथल्या दुपारी चारचं सेशन म्हणजे तिथे पहाटेचे साडेचार. आमचा मुलगा मागे एका ऑनलाइन कोर्सला सांगलीहून बसला होता. कॅमेरा सुरू ठेवायची सक्ती, मागे आजोबांची काकडआरती, आणि म्यूट करायला विसरला. फी आहे का तेही बघा. हल्ली "रिसर्च" म्हणून हजारो डॉलर घेणारेही निघालेत.

नंदा:
सुलभा, तिकिटं अजून काढलेली नाहीत. अर्ज तर जाऊ दे. पत्राचं काय ठरलं?

वेबमास्टर (माजी, डॅलस):
माझं नाव निघालं म्हणून लिहितो. पासवर्ड मी निघतानाच लिहून दिला होता. तो चालत नाही कारण कोड माझ्या फोनवर येतो, आणि फोन नंबर बदलायचा अर्ज तेव्हाच्या कार्यकारिणीने "पुढच्या बैठकीत" ढकलला. मी जागा आहे, कुणीही लॉगिन करा, कोड वाचून दाखवतो. त्या निमित्ताने माझं नाव आजीव सभासदांच्या यादीतून कुणी काढलं तेही कळू दे.

चिटणीस:
यादी घटनेप्रमाणे आहे. राज्याबाहेर गेलेल्यांसाठी वेगळा वर्ग आहे.

वेबमास्टर (माजी, डॅलस):
तो वर्ग घटनेत मीच टाईप केला होता. त्यात "काढून टाकावे" असं कुठेही नाही.

मंदार:
हे दोघांनी वेगळ्या धाग्यात घ्यावं ही विनंती. उद्या शुक्रवार आहे. मी पत्र लिहायला घेतलंय. "सदर विद्यार्थिनीने मंडळाच्या विविध उपक्रमांत हिरिरीने भाग घेतला" एवढं झालंय. पुढे सुचत नाहीये, कारण पार्किंगला मी दुसऱ्या गेटवर होतो.

डॉक्टरवहिनी:
अरे, मग तू कशाला लिहितोस? त्यांना मंडळाचा शिक्का नकोय, जिने काम बघितलं ती व्यक्ती हवीय. शिबिरात ती माझ्याच टेबलावर होती. रक्तदाबाचे कागद भरत होती. वंशाच्या खान्यात फक्त "एशियन" होतं. एका आजींनी विचारलं, "मी इंडियन, मग हे एशियन कोण?" हिने हसून वेळ मारून नेली नाही. मार्जिनमध्ये प्रत्येकाची मातृभाषा आणि किती वर्षांपासून इथे आहेत ते पेन्सिलीने लिहीत गेली, नाव नाही, फक्त टोकन नंबर. संध्याकाळी तो गठ्ठा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, हे विचारायला परवानगी लागत होती का? लागत होती, आणि ती मी घेतलेली नव्हती, म्हणून ते आकडे कुठेही वापरले नाहीत. त्या वयात हा प्रश्न पडणं मला पुरेसं आहे. नंदा, पोर्टलवर माझा दवाखान्याचा ईमेल टाक. मी आज रात्री लिहिते.

नंदा:
टाकला. वहिनी, लिंक आली का बघा. स्पॅममध्ये पण बघा.

चिटणीस:
वैयक्तिक पत्राला हरकत नाही. मात्र त्यात "मंडळाचे शिबिर" असा उल्लेख असेल तर एक प्रत दप्तरी द्यावी.

डॉक्टरवहिनी:
प्रत मिळणार नाही, पत्र गोपनीय असतं. शिबिराचा उल्लेख आहे. लिंक आली, पत्र चढलं.

बापूकाका:
छान. वहिनी, ते २३ चं मराठीत एका पानावर लिहून द्याल का? गुरुवारी ज्येष्ठांच्या कट्ट्यावर वाटतो. आणि ट्रेनिंगला वयाची अट काय आहे?

मंदार:
काका, तुमच्यासाठीही पत्र युवा समितीच देईल.