गाळाच्या बंदरांना बॅलास्ट प्रक्रियेतून सूट असावी का?

दर्यावर्दी :
मी मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. माल उतरवताना जहाज हलकं होतं, म्हणून तोल राखायला टाक्यांत बंदराचं पाणी भरतो, तेच बॅलास्ट. पुढच्या बंदरात माल चढला की ते सोडतो. त्यातून परके जीव जातात, म्हणून आता पाण्यावर जहाजावरच प्रक्रिया करून जीव मारावे लागतात, मान्य. पण हुगळीसारख्या गढूळ पाण्यात फिल्टर सारखा तुंबतो, अतिनील किरण पाण्यात शिरत नाहीत. खाऱ्या पाण्यापासून क्लोरीन बनवणारी यंत्रणा गोड्या पाण्यात अडते. पाणी भरणं रखडलं की माल उतरवणंही रखडतं, धक्का अडून राहतो. अशा बंदरांपुरती जुनी पद्धत चालू द्या : २०० सागरी मैलांबाहेर खोल समुद्रात पाणी बदलायचं.

प्लवक :
अजिबात नको. जुन्या पद्धतीत ९५ टक्के पाणी बदललं की काम झालं. उरलेलं पाणी, टाकीच्या तळाचा गाळ, त्यातले सुप्त जीव तसेच राहतात. नवं मानक जिवंत जीव मोजतं : घनमीटरमागे ५० मायक्रॉन (०.०५ मिलिमीटर) किंवा त्याहून मोठे जीव १० पेक्षा कमी. काळ्या समुद्रात १९८०च्या दशकात अमेरिकेकडची नेमिऑप्सिस ही कंगवा-जेली (जेलीफिशसारखा जीव) जहाजांच्या पाण्यातून आली आणि दशक संपता संपता अँचोवी या छोट्या माशाची मासेमारी कोसळली.

दर्यावर्दी :
तिथे अँचोवीची बेसुमार मासेमारीही झाली होती. सगळं खापर जेलीवर कसं फोडता?

प्लवक :
मासेमारीचा वाटा आहेच. पण जेली माशांची अंडी आणि त्यांचं खाद्यही फस्त करत होती. आधीच खंगलेल्या समुद्राला तेच झेपलं नाही.

खाडीकाठ :
टाक्यांवर भांडताय, जहाजाच्या बुडाचं काय? अमेरिकेकडचा काळ्या पट्ट्यांचा शिंपला मुंबई, विशाखापट्टणमच्या बंदरांत कधीचा ठाण मांडून आहे. १९९९ मध्ये तो ऑस्ट्रेलियात डार्विनला सापडला. नौकेच्या बुडाला चिकटून आला असं मानतात. गोद्यांची दारं बंद करून क्लोरीन आणि मोरचूद ओतलं, तेव्हा कुठे संपला. बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार बुडाबद्दल काही सांगत नाही. आमच्या खाडीत शिंपला कुठल्या वाटेनं आला, याने आम्हाला काय फरक पडतो?

दर्यावर्दी :
बुडाचं पटलं. प्लवक, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात एक वाट आहे : अगदीच अडलं तर प्रक्रिया न करता पाणी भरा, मग खोल समुद्रात टाकी रिकामी करून प्रक्रिया केलेलं पाणी घ्या. एवढं तरी मान्य?

प्लवक :
ते मान्य, कारण शेवटी प्रक्रिया होतेच. पण मग सूट मागू नका, त्या कामाला लागणारे तास वेळापत्रकात मागा. मालक ते देतील का, हे तुम्हीच सांगा.