ईव्हीला पुण्यात पार्किंग फुकट? नॉर्वेचा दाखला देण्याआधी...

ओस्लोकर (मूळ सदाशिव पेठ)
कालच्या धाग्यावर नेक्सनवाला यांनी लिहिलं होतं: "नॉर्वेत इलेक्ट्रिक गाडीला पार्किंग फुकट, म्हणून तिथे सगळे ईव्ही घेतात. पुण्यातही एफसी रोड, जेएम रोडवर फुकट करा." तिथे दोन ओळी लिहून गप्प बसणार होतो, पण राहवेना. म्हणून वेगळा धागा.

१९९९ मध्ये नॉर्वेने ईव्हीला पालिकेच्या जागेत पार्किंग माफ केलं, तेव्हा रस्त्यावर ईव्ही होत्या किती? मूठभर. तिथलीच चिमुकली थिंक, आणि पुढे आपल्या बंगळुरूची रेवा. त्या माफीने कोणाचं काही बिघडत नव्हतं. २०२५ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत सुमारे ९६ टक्के ईव्ही होत्या. सगळ्यांनाच मिळते ती कसली सवलत? गाडी विजेवर चालो नाहीतर डिझेलवर, उभी राहिली की जागा तेवढीच खाते. गाड्या वाढू लागल्या तेव्हाच, २०१७ मध्ये, फुकट पार्किंगचा निर्णय पालिकांवर सोपवला गेला. ओस्लोत २०१९ पासून ईव्हीला टोलही लागतो.

बस लेनची तर आणखीच मजा. २००५ पासून ईव्हीला ती खुली. मग पश्चिमेकडून ओस्लोत येणाऱ्या ई-१८ महामार्गावर सकाळी ईव्हींचीच रांग, आणि तिच्यात बस अडकलेली! शेवटी गर्दीच्या वेळी गाडीत दुसरा माणूस हवा अशी अट घालावी लागली.

माझीही गाडी इलेक्ट्रिकच आहे. गावात जायचं तर ट्रामने जातो, कारण पार्किंगचा मीटर परवडत नाही. मीटर असतो तो त्यासाठीच.

नेक्सनवाला
वा! तुमच्या नॉर्वेत २००१ पासून ईव्हीवर २५ टक्के व्हॅट माफ होता, ते सांगायचं बरं विसरलात? स्वतः पोटभर जेवून ढेकर दिल्यावर आम्हाला उपवासाचं महत्त्व शिकवताय. आमच्याकडे अजून शंभरात ९६ सोडा, गल्लीत मी एकटा आहे. आम्ही तुमच्या १९९९ मध्येच आहोत असं समजा आणि द्या फुकट. आणि ट्राम? सिंहगड रोडवर संध्याकाळी पीएमटीच्या दारात लटकून दाखवा, मग बोलू.

पायी_चालणारा
नेक्सनवाले, एक शंका. पुण्यात बहुतेक रस्त्यांवर कारला उभं राहायचे पैसे पडतात कुठे, म्हणून ते माफ करायचे? २०१८ ला पालिकेने पार्किंग धोरण आणलं, बोंब झाली, पाच रस्त्यांपुरतं उरलं आणि मग वर्षानुवर्षं कागदावरच निजलं. आधी पैसे घ्यायला लागा, मग माफीचं बघू.

आणि रस्त्यावर तरी कुठे लावता तुम्ही! आमच्या गल्लीत फूटपाथवर दोन चाकं चढवून एक हिरव्या नंबरप्लेटची, म्हणजे ईव्हीच, गाडी रोज उभी असते. आई वॉकर घेऊन निघते. वॉकरचे पुढचे पाय खाली उतरवायचे, मग स्वतः उतरायचं, गाडीला वळसा घालायचा, परत चढायचं. एकदा ती उतरलेली असतानाच गाडी मागे आली. आवाजच नाही! मालक म्हणतात, "काकू, प्रदूषण नाही हो आमच्या गाडीचं."

नेक्सनवाला
फूटपाथवर लावणाऱ्याला जॅमर लावा, मी पावती फाडायला येतो. पण शिव्या फक्त हिरव्या पाटीला का? एसयूव्हीवाले काय हवेत उभे करतात?

घाटावरचा
ओस्लोकर, अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून ईव्हीला टोल माफ आहे. तोही बंद करायचा का तुमच्या हिशेबाने?

ओस्लोकर (मूळ सदाशिव पेठ)
आज नको. सेतूवर गाडी येते आणि जाते, लक्ष्मी रोडवर ती तीन तास ठाण मांडते. दोन्हीला एकच माप कशाला? खरेदीला मदत करायची तर जीएसटी ५ टक्के आहेच, ठेवा. व्हॅटबद्दल नेक्सनवाल्यांचं म्हणणं, जाऊ द्या, मान्य. जेवलो आम्ही. पण ताटाखालची जमीन फुकट मागू नका.

चार्जरची_वाट_बघतोय
तुम्ही रस्त्याचं काय घेऊन बसलात? माझ्या स्वतःच्या पार्किंगमध्ये, माझ्या मीटरवरून, माझ्या खर्चाने चार्जिंग पॉइंट घ्यायचाय. सोसायटी म्हणते एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, ठेवू. एजीएममध्ये विषय आला, तर एक काका म्हणाले, "बॅटरी पेटली तर?" त्यांच्या गॅलरीत भरलेले तीन सिलिंडर आहेत.

माजी_सेक्रेटरी
काकांना हसू नका. बिल्डरने दिलेला विजेचा लोड जुना, केबल जुनी. आज एकाला दिलं की उद्या बारा जण रांगेत. ट्रान्सफॉर्मर बदलायचा खर्च कोणी भरायचा? ज्याच्याकडे सायकल आहे त्याने पण?

चार्जरची_वाट_बघतोय
लिफ्टचा खर्च तळमजल्यावाले देतातच की.

माजी_सेक्रेटरी
देतात? आमच्याकडे त्यावरून केस चालू आहे!

पायी_चालणारा
विषय फूटपाथचा होता.

नेक्सनवाला
फूटपाथचा नव्हता, पार्किंगचा होता. माजी सेक्रेटरी, लोडसाठी अर्ज सोसायटीने करायचा की मेंबरने? आमच्याकडे पण हेच अडलंय.

माजी_सेक्रेटरी
इमारतीच्या सामायिक जोडणीचा लोड वाढवायचा तर सोसायटीने. त्यासाठी आधी ठराव करावा लागेल. आणि तो ठराव पास करून दाखवा, मी स्वतः पेढे घेऊन येतो. चालत.